पूल-स्नूकरचे बॉल निवडताना: आधी टेबल मोजा

कोणते बॉल घ्यायचे हे डब्यावरचं चित्र बघून ठरवायचं नसतं. ते टेबल ठरवतं. टेबलाला न जुळणारा महागातला महाग सेटही पॉकेटच्या तोंडाशी अडकतो नाहीतर कुशनवरून, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीवरून, उसळतो, आणि खेळणारा उगाच क्यूला, म्हणजे हातातल्या काठीला, दोष देत बसतो. म्हणून दुकान गाठण्याआधी किंवा ऑनलाइन ऑर्डर टाकण्याआधी मोजपट्टी हातात घ्या.

टेबल ओळखायचं कसं

नागपुरात टेबलं मुख्यतः तीन तऱ्हेची दिसतात. क्लबांमधलं आणि स्नूकर पार्लरमधलं बारा बाय सहा फुटांचं पूर्ण टेबल. कॉलेजच्या पोरांची गर्दी असते तिथलं आठ किंवा नऊ फुटी अमेरिकन पूल टेबल. आणि घरी, फार्महाउसवर किंवा वर्धा रोडकडच्या टाउनशिपच्या क्लबहाउसमध्ये मांडलेलं लहान टेबल, ज्यावर नेमकं काय खेळायचं हे कधीकधी विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. खरा घोटाळा या तिसऱ्या प्रकारात होतो.

लांबी लाकडी कडेपासून मोजू नका. कुशनचं नाक, म्हणजे बॉल जिथे आदळतो ती पुढची धार, तिथून समोरच्या कुशनच्या नाकापर्यंत मोजा. नऊ फुटी पूल टेबलावर हे माप १०० बाय ५० इंच भरतं, आठ फुटीवर ८८ बाय ४४ किंवा ९२ बाय ४६ इंच. पूर्ण स्नूकर टेबलावर ते ३५६९ बाय १७७८ मिलिमीटर असतं.

मग पॉकेट बघा. स्नूकर टेबलाच्या पॉकेटचे ओठ आत गोल वळलेले असतात आणि कोपऱ्याचं तोंड साडेतीन इंचांच्या, म्हणजे ८९ मिमीच्या आसपास. अमेरिकन पूलचं पॉकेट सरळ कापलेलं, टोकदार, कोपऱ्यात साडेचार इंच किंवा किंचित जास्त, म्हणजे ११४ ते ११७ मिमी. पूलचा ५७ मिमीचा बॉल स्वतःच्या पॉकेटात जाताना जवळपास तेवढीच मोकळी जागा मिळवतो. तोच बॉल स्नूकर टेबलावर आणला तर उरतात ३२ मिमी, आणि वर गोल ओठ त्याला बाहेर ढकलतात. ‘एक दिवस मोठे बॉल टाकून पूल खेळू’ हा बेत म्हणूनच फसतो.

सगळ्यात महत्त्वाचं माप मात्र कुशनच्या नाकाची उंची. ते बहुतेक लोक घेतच नाहीत. कंपासपेटीतला गुण्या कापडावर उभा धरून नाकाला टेकवा आणि धार कापडापासून किती मिलिमीटर वर आहे ते वाचा. पूलच्या नियमांत ही उंची बॉलच्या व्यासाच्या ६२.५ ते ६४.५ टक्के हवी असते. ५७.१५ मिमीच्या बॉलसाठी हिशेब ३५.७ ते ३६.९ मिमीवर येतो.

लहान टेबलासाठी हाच हिशेब उलटा करायचा. उंचीला ०.६३५ ने भागा, बॉलचा व्यास मिळतो. नाक ३२ मिमीवर असेल तर उत्तर ५०.४ येतं, म्हणजे दोन इंची बॉल. साडेतीस मिमी आली तर ४८ मिमीचा, २४ मिमी आली तर ३८ मिमीचा. ही सगळी मापं बाजारात मिळतात. उत्तर दोन मापांच्या मधे पडलं तर जवळचं माप घ्या. नाक वाकडंतिकडं असेल, एका बाजूला ३२ आणि दुसरीकडे ३५, तर बॉल घेऊन काही होणार नाही. आधी रबर बदला.

हे चुकलं की काय होतं? पूल टेबलावर स्नूकरचे ५२.५ मिमीचे बॉल टाकले की नाक त्यांच्या व्यासाच्या ६९ टक्क्यांवर लागतं, म्हणजे वरून. बॉल कापडात दाबला जातो, वेग मरतो, जोरात मारला तर परतताना टुणटुण उड्या मारतो. उलट ३२ मिमीच्या नाकावर पूलचा मोठा बॉल मारला तर नाक त्याच्या मध्याच्या जेमतेम वर लागतं. बॉल कुशनवर चढायला बघतो आणि एखादा थेट फरशीवर जातो.

कोणत्या खेळाला कोणता बॉल

स्नूकरच्या सेटमध्ये २२ बॉल: १५ लाल, ६ रंगीत, १ पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा बॉल. व्यास ५२.५ मिमी, त्यात कमी-जास्त फक्त ०.०५ मिमी चालतं. नियमात एका बॉलचं ठरावीक वजन दिलेलं नाही. अट एवढीच की सगळे सारख्या वजनाचे असावेत, सेटमधला फरक ३ ग्रॅमच्या आत. म्हणजे ‘स्नूकरचा बॉल अमुक ग्रॅमचाच हवा’ असं कोणी ठासून सांगत असेल तर मनावर घेऊ नका. बॉल किती ग्रॅमचा आहे यापेक्षा तो बाकीच्यांशी किती जुळतो ते बघायचं.

अमेरिकन पूलमध्ये १६ बॉल, व्यास ५७.१५ मिमी, चूकभूल ०.१२७ मिमी, वजन साडेपाच ते सहा औंस, म्हणजे १५६ ते १७० ग्रॅम. एक ते सात एकरंगी, आठ काळा, नऊ ते पंधरा पट्ट्याचे. काही सेटमध्ये चार नंबर जांभळ्याऐवजी गुलाबी असतो, तो टीव्हीवर नीट दिसावा म्हणून केलेला बदल. खेळाला काही फरक पडत नाही. लाल-पिवळ्या बॉलचा इंग्लिश पूल वेगळा: ७ लाल, ७ पिवळे, एक काळा, दोन इंची. त्यातला पांढरा बॉल परंपरेने लहान, १ पूर्णांक ७/८ इंच, कारण नाण्यावर चालणाऱ्या टेबलाच्या आतल्या वाटेत तो बाकीच्यांपासून वेगळा होऊन खेळणाऱ्याकडे परत यावा लागे. घरच्या साध्या टेबलाला या सोयीची गरज नाही. तिथे पांढरा बॉल बाकीच्यांएवढाच असलेला सेट मागा, तोही मिळतो. लहान पांढऱ्याचा मध्य खाली असल्याने तो समोरच्या बॉलला मध्याच्या खाली लागतो, शिवाय हलका असल्याने सरळ टक्करीत मागे उडतो. नवशिक्याला यातून चुकीच्या सवयी लागतात.

बिलियर्ड्सचे तीन बॉल स्नूकरच्याच मापाचे: पांढरा, पिवळा, लाल. ज्या क्लबात स्नूकरचा चांगला सेट आहे त्याने मौजेपुरत्या बिलियर्ड्ससाठी वेगळे बॉल घ्यायची गरज नाही. पंधरा लालमधून वजनाने पांढऱ्या आणि पिवळ्याशी सर्वांत जुळणारा लाल वेचून काढा, भागतं. स्पर्धेची तयारी करायची तर मात्र तिघांचा जुळवलेला सेटच हवा, कारण तासन् तास तेच तीन बॉल एकमेकांवर आपटत राहतात.

कशापासून बनलाय ते बघा

इथे निवड दोनच गोष्टींत आहे: फिनॉलिक रेझिन आणि पॉलिएस्टर. फिनॉलिक कठीण असतं, त्यावर ओरखडे उशिरा पडतात, चकाकी टिकते, आणि आदळल्यावर आवाज स्वच्छ ‘टक्’ असा येतो. पॉलिएस्टर स्वस्त, पण त्याचा पृष्ठभाग लवकर खडबडीत होतो. खडबडीत बॉल कापड घासतो, घासलेलं कापड धूळ सोडतं, धूळ बॉलवर चिकटते, आणि कापड बदलायचा खर्च वेळेआधी दारात येतो. बॉलवर वाचवलेले पैसे कापडावर जातात ते असे.

जळाल्याचे डागही यातूनच येतात. ब्रेकला, म्हणजे मांडलेले बॉल फोडणाऱ्या पहिल्या शॉटला, जोरात मारलेला पांढरा बॉल क्षणभर घसरत जातो आणि बॉल-कापडाच्या स्पर्शबिंदूवर चांगलीच उष्णता तयार होते. कापडावर जे पांढरे ठिपके आणि रेषा दिसतात त्या याच. बॉलवरही बारीक खळगे पडतात. फिनॉलिक ही उष्णता बरीच सोसतं, पॉलिएस्टर फार नाही.

डब्यावर ‘फिनॉलिक’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला हवा. नुसतं ‘रेझिन’, ‘हाय क्वालिटी रेझिन’ असं काही लिहिलं असेल तर ते फिनॉलिक नाही असं धरूनच चाला. या धंद्यातलं सर्वांत ओळखीचं नाव म्हणजे बेल्जियमच्या सालुक कंपनीचे अरामिथ बॉल. योगायोग असा की फिनॉलिक रेझिनला १९०७ मध्ये व्यवहारात आणणारा लिओ बेकलँडही मूळचा बेल्जियमचाच, घेंट गावचा. पूर्वी बॉल हस्तिदंताचे असत. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाल्याचं मानलं जातं. तेव्हा जबलपूर मध्य प्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी आपलं नागपूर. त्या काळचे हस्तिदंती बॉल दमट हवेत फुगायचे, कोरड्या हवेत आकसायचे आणि तडकायचे. मेमध्ये भट्टी आणि जुलैत ओल असलेल्या या पट्ट्यात ते कसे टिकवत असतील, त्यांचं त्यांना ठाऊक.

पूलच्या बॉलमध्ये आकडा आणि पट्टा कसा केलाय तेही तपासा. चांगल्या बॉलमध्ये ते रंगीत रेझिन ओतून बॉलच्या अंगातच बसवलेले असतात. स्वस्तात वरून छापलेले. आकड्याच्या कडेवरून नख फिरवा. उंचवटा किंवा खाच लागली तर ती छपाई, काही महिन्यांत उडणार. पट्ट्याची कडही भिंगातून बघा. रंग पांढऱ्यात पसरलेला, कड फुटलेली दिसली तर तो सेट बाजूला ठेवा.

सेट घरी आल्यावर: मोजणी

ही पायरी टाळू नका. परत करण्याची मुदत चालू असतानाच, पहिला ब्रेक मारण्याआधी, हे सगळं उरकायचं. एकदा चॉक, म्हणजे क्यूच्या टोकाला चोळायचा खडू, लागला की दुकानदार बॉल परत घेत नाही. डबा उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, कुरिअरमध्ये टवका उडालेला असला तर तोच पुरावा.

लागणारी साधनं: ०.०१ मिमीपर्यंत वाचणारा डिजिटल व्हर्निअर कॅलिपर, ०.१ ग्रॅम दाखवणारा आणि निदान ५०० ग्रॅम पेलणारा खिशातला काटा, अंड्याचा रिकामा ट्रे, वही. कॅलिपर इतवारीतल्या हत्यारांच्या दुकानांत मिळतो. स्वयंपाकघरातला काटा चालत नाही. तो एकेक ग्रॅमने वाचतो, आणि तुम्हाला ३ ग्रॅमच्या आतला फरक पकडायचाय. काट्यावर भरवसा नसेल तर दोन बॉल वेगवेगळे आणि मग एकत्र तोला. बेरीज जुळली तर काटा कामाचा. एखाद्या शंकास्पद बॉलचा निकाल लावायचा असेल तर सराफा ओळीत ओळखीच्या सोनाराकडे तोलून आणा, मात्र बावीस बॉलची थैली घेऊन जाऊ नका, तो हाकलून देईल.

१. बॉल रात्रभर खोलीत, डब्याचं झाकण उघडं ठेवून राहू द्या. मेच्या दुपारी कुरिअरच्या गाडीतून आलेला बॉल तापलेला असतो आणि तापल्याने काही शतांश मिलिमीटर फुगलेला असू शकतो. स्नूकरची सवलतच ०.०५ मिमी आहे. गरम बॉल मोजलात तर चांगल्या बॉलला वाईट ठरवाल.

२. कोरड्या मऊ कापडाने पुसा. नव्या बॉलवर कारखान्यातला पातळ थर असू शकतो.

३. कॅलिपर बंद करून शून्य करा. बॉल तीन वेगवेगळ्या दिशांनी मोजा: आकड्यावरून, आडवा, आणि तिरका. जबडे दाबू नका, नुसते टेकवा. फोलादी जबड्याने ओरखडा जाईल अशी भीती असेल तर प्लॅस्टिक जबड्याचा कॅलिपर घ्या. मधे कागद धरू नका, कागदाची जाडीच तुमच्या सवलतीपेक्षा मोठी निघेल.

४. एकाच बॉलच्या तीन मापांत ०.०५ मिमीहून जास्त फरक दिसला तर बॉल गोल नाही. पुन्हा मोजा. पुन्हा तेच आलं तर परत करा.

५. मग वजन. प्रत्येक बॉल ट्रेमध्ये ठरलेल्या खणात, वहीत आकडा. लाल बॉल सगळे सारखेच दिसतात, म्हणून ट्रेचे खण मोजून ठेवा, नाहीतर कोणता कोणता ते कळायचं नाही.

आता वहीतला सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यांची वजाबाकी करा. स्नूकरच्या सेटला ३ ग्रॅम ही शेवटची मर्यादा, पण चांगला सेट त्यापेक्षा बराच आत बसतो. अरामिथच्या ‘वन-जी’ सेटमध्ये तर सगळे बॉल १ ग्रॅमच्या आत जुळवलेले असतात, त्याचं नावच त्यावरून आहे. पूलसाठी मर्यादा १५६ ते १७० अशी रुंद आहे, म्हणून कागदावर १५७ आणि १६९ चे बॉल एकाच डब्यात असले तरी नियम मोडत नाही. खेळ मात्र मोडतो. घरगुती सेटमध्ये २ ते ३ ग्रॅमचा फरक सोडून द्यावा. पांढरा आणि बाकीचे यांत त्याहून जास्त अंतर असेल तर सोडू नये. पांढरा जड असेल तर सरळ टक्करीनंतर थांबायचं सोडून पुढे सरकतो. हलका असेल तर स्क्रू बॅक, म्हणजे टक्करीनंतर पांढऱ्याचं मागे येणं, फुकटात मिळतो आणि पुढे पाठवताना जीव जातो. सवय या खोट्या वागण्याची होते, आणि दुसऱ्या टेबलावर गेल्यावर हात कच्चा वाटतो.

आकडे जुळले तरी बॉल आतून एका बाजूला जड असू शकतो. काही लोक मीठ विरघळवलेल्या पाण्यात बॉल तरंगवून बघायला सांगतात. ही गोल्फच्या बॉलची युक्ती आहे, इथे चालत नाही. पूलच्या बॉलचं आकारमान सुमारे ९७.७ घन सेंटिमीटर. १५६ ते १७० ग्रॅमला त्याने भागलं तर घनता १.६ ते १.७४ येते. मीठ विरघळेनासं होईपर्यंत टाकलं तरी पाण्याची घनता १.२ च्या पुढे जात नाही. बॉल बुडणारच.

खरी चाचणी टेबलावर होते. दोन क्यू शेजारी शेजारी ठेवून त्यांची खालची टोकं कापडावर आणि वरची टोकं एखाद्या जाड वहीवर टेकवा, म्हणजे उताराची वाट तयार होते. बॉल एका ठरलेल्या जागेवरून हलकेच सोडा, ढकलू नका. तो टेबलाच्या मधोमध अगदी हळू, शेवटच्या हातभर अंतरात जेमतेम पोहोचेल असा जायला हवा, कारण वाकणं दिसतं ते वेग मरताना. आता बॉल पाव फेरा फिरवून पुन्हा सोडा. असं चार वेळा. दर वेळी एकाच बाजूला, सारखाच वाकला तर बॉल निर्दोष, टेबल कलतंय. कधी डावीकडे कधी उजवीकडे, बॉल कसा ठेवला त्यावर वाकणं बदलत असेल तर बॉलचं पोट एका बाजूला जड आहे. वेळ कमी असेल तर निदान पांढऱ्याची, आणि स्नूकरमध्ये काळ्या-निळ्याची ही चाचणी कराच.

शेवटी ट्रँगलमध्ये, म्हणजे बॉल मांडायच्या त्रिकोणी चौकटीत, बॉल घट्ट लावा, ट्रँगल काढा आणि मागून मोबाइलचा टॉर्च धरा. बॉल-बॉलच्या मधून प्रकाश दिसला तर तिथे फट आहे. तिथला बॉल शेजाऱ्याशी बदला. फट बॉलबरोबर सरकली तर तो बॉल लहान. फट जागेवरच राहिली तर कापडावर खड्डा पडलाय, बॉलचा दोष नाही. पार्लरमधल्या जुन्या टेबलावर मांडणीतल्या पहिल्या बॉलखाली हा खड्डा हमखास सापडतो.

कोणी किती खर्च करावा

घरी पोरं खेळणार, टेबल सहा फुटी, तर पॉलिएस्टरचा बऱ्यापैकी सेट पुरे. मापं मात्र बरोबर हवीत. शिकणाऱ्या मुलासाठी पांढरा बॉल लाल ठिपक्यांचा घ्या. ठिपके फिरताना दिसतात, म्हणून बॉलला कोणती फिरकी लागली ते त्याला स्वतःलाच कळतं. वर्गात सांगून समजत नाही ते असं समजतं.

पार्लरवाल्याने पॉलिएस्टरच्या वाटेला जाऊ नये. दिवसभर टेबल चालतं, प्रत्येक गेमला ब्रेक, आणि प्रत्येक ब्रेकचा मार बॉल आणि कापड दोघांवर. हौशी स्नूकरपटूला फिनॉलिकचा मधल्या दर्जाचा सेट योग्य. स्पर्धेसाठी वजन जुळवलेला वरचा दर्जा. सोसायटीच्या कमिट्यांचं वेगळंच असतं. तीन कोटेशन मागवायची आणि सगळ्यात खालचं पास करायचं. कोटेशन मागवताना ‘फिनॉलिक, ५७.१५ मिमी, सेटमधला वजनाचा फरक ३ ग्रॅमच्या आत’ एवढी एक ओळ घातली तरी निम्मे चुकीचे सेट आपोआप गळतात.

सुटे बॉल जोडून सेट करू नका. स्नूकरचा एक लाल हरवला म्हणून कुठलाही लाल आणला तर तो इतरांहून नवा, म्हणजे मोठा आणि गुळगुळीत असतो. आणायचाच तर त्याच कंपनीचा, त्याच मालिकेचा, आणि आणल्यावर मोजून.

नागपूरची हवा आणि बॉलवर येणारा आळ

एप्रिल ते जून पार्लरांत मोठे कूलर लागतात. वाळ्याच्या ताट्यांतून आलेली हवा गार असते, पण ओलीही असते. कापड ओल धरतं, जड होतं, बॉल हळू चालतो आणि कुशनवरून कमी कोनात परततो. ओल्या कापडावर चॉकची भुकटी चिकटून बसते आणि बॉलला लागते. दोन बॉलच्या मधे अशा भुकटीचा कण आला की टक्कर मरते, बॉल किंचित उडतो आणि नेम चुकतो. लोक म्हणतात, बॉल खराब झाले. पावसाळ्यात हेच. म्हणून बॉल बदलण्याआधी कूलरचा झोत टेबलावरून वळवा, कापड ब्रश करून कोमट इस्त्री फिरवा, बॉल धुवा, आणि मग खेळून बघा. बहुतेक वेळा सेट ठीकच निघतो.

बॉल गाडीच्या डिकीत किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नका. उन्हाने पांढरा बॉल पिवळा पडतो, आणि तो पिवळेपणा धुऊन जात नाही. तापलेला बॉल लगेच थंड पाण्यात टाकणंही वाईट, बारीक तडे जातात.

धुणं, आणि कधी बदलायचं

कोमट पाणी, एक-दोन थेंब सौम्य साबण, मऊ कापड, मग स्वच्छ पाण्यातून काढून लगेच पूर्ण कोरडं. पार्लरमध्ये हे रोज, घरी आठवड्याला एकदा. तारेची घासणी, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट नको, त्यांतले कण पृष्ठभाग घासतात. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल तर नकोच. गाडीचं वॅक्स किंवा फर्निचर पॉलिश लावलं की बॉल चकचकीत दिसतो, पण त्यावर निसरडा थर बसतो. बॉलची एकमेकांवरची पकड बदलते, थर कापडावर उतरतो आणि त्यावर चॉक चिकटतो. बॉलसाठीच बनवलेलं पॉलिश वापरा आणि तेही थेंबभर.

टाइल्सच्या फरशीवर उडून पडलेला बॉल खेळात परत घेण्याआधी तपासा. त्यावर निळा चॉक चोळून कोरड्या कापडाने पुसा. तडा किंवा खळगा असेल तर त्यात निळी रेघ राहते. टवका उडालेला बॉल ताबडतोब काढा, एका रात्रीत तो कापडाला ओरखडे काढून ठेवतो. टेबलाभोवती रबरी मॅट टाकली तर हा प्रश्न बराच मिटतो.

सगळ्यात आधी झिजतो पांढरा, कारण प्रत्येक शॉटमध्ये तोच असतो. दर तीन महिन्यांनी त्याला वहीतल्या पहिल्या मापाशी ताडून बघा. स्नूकरमध्ये ५२.४५ मिमीच्या खाली गेला, पूलमध्ये ५७.०२ च्या खाली, किंवा बाकीच्यांपेक्षा ३ ग्रॅमने हलका झाला, तर नवा आणा. नवा आणताना आणखी एक काम करा: बाकीचे बॉलही मोजा. ते स्वतः एव्हाना झिजून ५२.४६ वर आले असतील, तर ५२.५४ चा कोराकरकरीत पांढरा त्यांच्यात मिसळणार नाही. दोन्ही आकडे नियमात बसतात, पण एका टेबलावर नको. अशा वेळी जुन्या मापाशी जवळचा पांढरा निवडायला दुकानात कॅलिपर सोबत न्या, आणि तसा मिळाला नाही तर पूर्ण सेटच्या खर्चाची तयारी ठेवा. काढलेला पांढरा फेकू नका, कापड बदलल्यावर टेबलाची लेव्हल बघायला तो कामी येतो.